हळदीच्या हाताला प्रवेश नाही

जाहीर सूचना!

वाशिम जिल्ह्यातील समस्त उपवर मुली, नवरदेव, त्यांचे आईवडील, मामा, मावश्या, करवल्या, आचारी आणि बँडवाले यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, ज्या घरातील स्त्री आमच्या कारखान्यात कामाला आहे, त्या घराने लग्नाची तारीख धरण्यापूर्वी पंचांगाबरोबर आमच्या कारखान्याचे वेळापत्रकही पाहावे. न पाहिल्यास होणाऱ्या परिणामांस निम्नस्वाक्षरीकार जबाबदार राहणार नाही.

ही सूचना मी स्वतः लिहून, मोठ्या अक्षरांत छापून कारखान्याच्या फाटकावर लावली होती. जेवणाची सुट्टी व्हायच्या आत एका बँडवाल्याने तिच्यावर आपली जाहिरात चिकटवली. त्या जाहिरातीत लिहिलं होतं, ‘तारखा भरत आल्या, त्वरा करा.’ माझ्या शब्दाला या जिल्ह्यात काय वजन आहे, ते वाचकांनी यावरून ओळखावं.

मी मधुकर. पन्नाशी ओलांडली आहे, गाव किन्हीराजा. पुण्यात बरीच वर्षं काचेच्या तारा जुळवायचं काम केलं. मग मेडशीच्या एका हिकमती माणसाने आपल्या रस्त्यालगतच्या शेतात याच कामाचा छोटा कारखाना काढला आणि मला म्हणाला, “मधुकरभाऊ, गावाकडे या. हवा चांगली हाय.” मी आलो. हवा खरंच चांगली आहे. फक्त सोयाबीन निघालं की आजूबाजूच्या प्रत्येक शेतात हडंबा सुरू होतो, आणि त्या मळणीयंत्रातून जो भुसा उडतो त्याने समोरचा माणूस दिसत नाही. अशा ठिकाणी आम्ही, धुळीचा एक कण चालत नाही असं काम करतो. मालकांना मी हे बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, “मंग हडंबेवाल्याले जाऊन सांगा.” मी गेलो. हडंबेवाल्याने मला प्रेमाने खाली बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, “तुमच्या त्या बारक्या तारा खातेत काय लोकं?”

बाहेरच्या माणसाला हे काम सांगायचं म्हणजे पंचाईत. तरी सांगतो. फायबर म्हणजे काचेची तार, साधारण डोक्याच्या केसाएवढी. तिच्या पोटातून उजेड धावतो आणि त्या उजेडावर तुमचे फोन, व्हिडिओ, सगळं जग चालतं. मोठ्या यंत्रांत अशा पुष्कळ तारा एका ओळीत, एकमेकींपासून अगदी सारख्या अंतरावर बसवाव्या लागतात. त्यासाठी काचेच्या चिमुकल्या पट्टीवर सऱ्या पाडलेल्या असतात, आपल्या शेतात असतात तशाच, फक्त भिंगाखाली दिसणाऱ्या. एकेका सरीत एकेक तार निजवायची, वर काचेचं झाकण दाबायचं, गोंदाचा थेंब सोडायचा आणि जांभळ्या दिव्याखाली धरायचं. त्या उजेडाने गोंद दगडासारखा होतो. मग टोक घासून आरसा करायचा. इंग्रजीत याला अ‍ॅरे म्हणतात. आमच्या बायका फणी म्हणतात, आणि दिसतंही ते फणीसारखंच. चूक किती चालते? केसाचे उभे शंभर काप करा. त्यातल्या एका कापाएवढीसुद्धा चालत नाही.

हे सगळं मी एकदा एसटीत शेजारच्या गृहस्थाला मेडशीपासून आमच्या वाशिमकडच्या मालेगावपर्यंत समजावून सांगितलं. ते मान डोलावत होते. उतरताना म्हणाले, “सगळं समजलं भाऊ. आता येवढंच सांगा, माह्या घरी रेंज काहून नाई येत?”

आता हळदीकडे येतो.

मागच्या लग्नसराईत आमचा माल परत यायला लागला. गिऱ्हाईक बेंगळुरूचं. त्यांनी फण्या भट्टीत तापवून पाहिल्या, तर तारा जागच्या हलल्या. गोंद धरतच नव्हता. आम्ही गोंद बदलला. दिवा बदलला. मालकांनी वीज कंपनीला शिव्या घातल्या, ते तर ते एरवीही घालतात. काही उपयोग नाही. शेवटी एका दुपारी खोलीतले साधे दिवे गेले आणि तो जांभळा दिवा बॅटरीवर चालू राहिला. पाहतो तर काय, टेबलावर दोन हात काजव्यासारखे पिवळेहिरवे चमकताहेत! ते हात ज्या बाईचे होते, तिने आदल्या दिवशी दिराच्या हळदीत धुमाकूळ घातला होता. साबणाने धुवून आली होती बिचारी, पण तेलात कालवलेली हळद नखांत आणि बोटांच्या रेषांत बसते ती बसते. तिचा कण काचेला लागला की गोंद चिकटत नाही, आणि वर हळदच तो जांभळा उजेड पिऊन टाकते. जगात दुसऱ्या कुठल्या कारखान्याला हा रोग झाला असेल, असं मला वाटत नाही.

मी तसं गिऱ्हाइकाला कळवलं. त्यांना आधी मी थट्टा करतोय असं वाटलं. मग त्यांनी नियम घातला: हाताला कोणताही रंग असलेल्या माणसाने आत पाऊल टाकायचं नाही. मोजे घालूनसुद्धा नाही, कारण हळद काय फक्त हातालाच असते? मी दारावर पाटी लावली, ‘हळदीच्या हाताला प्रवेश नाही’, आणि पाटीखाली जांभळी बॅटरी टांगली. रोज सकाळी एकेकीने हात पुढे करायचे आणि मी बॅटरी मारायची. हे काम मी फार रुबाबात करत असे, हे कबूल करतो.

पाटी वाचून सुनंदाबाई म्हणाल्या, “पयले नवरा मेला की बाईची हळद बंद होत होती. आता नोकरी लागली की बंद. चांगलं हाय!”

सगळ्या हसल्या. मीही हसलो. सुनंदाबाईंचं असंच बोलणं असायचं.

या सुनंदाबाई शिरपूरच्या. चाळिशीच्या, आवाज दणदणीत, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मीच त्यांना काम शिकवलं, आणि हे मी गावभर सांगतो. त्याही गावभर सांगतात, की मी शिकवलेलं विसरायला त्यांना किती वेळ लागला. आमच्याकडे एका जातीच्या तारेची फणी बनते, ती फक्त त्यांनाच जमते. त्या तारेचं टोक भिंगाखाली पाहिलं की गोल चेहऱ्यावर दोन डोळे दिसतात. नुसती तार सरीत निजवून भागत नाही, फणीतल्या आठही तारांच्या चेहऱ्यांचे डोळे आडव्या रेषेत सरळ पाहायला हवेत. प्रत्येक तारेच्या मागे एक घुंडी असते, ती फिरवून चेहरा सरळ करायचा. पण तार मेली मुरडलेल्या सुतळीसारखी वागते. घुंडी सोडली की थोडी उलटी फिरते. म्हणून किती जास्त फिरवून सोडायचं, याचा अंदाज हातात असावा लागतो. सुनंदाबाईंच्या हातात तो आहे. बाकीच्या बायका साध्या फण्या उत्तम करतात, पण या डोळेवाल्या फणीने त्यांना रडवलं आहे.

आणि नेमकी तीच फणी बघायला बेंगळुरूहून तपासनीस यायचे ठरले. निरोप स्पष्ट होता. नियम पाळला जातो की नाही ते पाहणार, समोर एक फणी करून घेणार. जमलं तर काम मेडशीत राहील, नाहीतर ते बेंगळुरूला नेतील. ते काम गेलं तर आमच्या टेबलावरच्या बायकांना घरी बसावं लागणार होतं, हे मालकांनी मला सांगितलं आणि मी बायकांना.

तारीख कळल्यावर सुनंदाबाईंनी भिंग बाजूला सारलं. त्यांनी भिंग बाजूला सारलं की मला भीती वाटते.

“भाऊ, त्याच दिवशी पल्लवीचं लगन हाय.”

पल्लवी म्हणजे त्यांच्या बहिणीची मुलगी. पण शाळेसाठी लहानपणीच शिरपूरला आली आणि मावशीच्या घरातच मोठी झाली.

“लगन किती वाजता?”

“गोरज मुहूर्त.”

“मग काय! तपासणी दुपारी. आटपून जा.”

“अन् आदल्या दिवशी हळद हाय, तिचं काय?”

मी खुर्चीवर बसलो. मग तपासणी पुढे ढकलायला बेंगळुरूला फोन केला. ते म्हणाले, जमणार नाही. मग लग्न पुढे ढकलायला पल्लवीच्या बापाला फोन केला. ते जे म्हणाले ते दिवाळी अंकात छापता येत नाही.

“सुनंदाबाई, तुम्ही हळदीला लांब बसा ना. अक्षता टाका, जेवा, या.”

“पयली हळद मीच लावावं म्हणते पोरगी. तिनं साऱ्या घराशी भांडण करून ठेवलं.”

“पण का भांडण?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं माणूस बंद पडलेल्या मोटरपंपाकडे पाहतो. माझ्या डोक्यात त्या दिवसांत फक्त गोंद होता, म्हणून मी पुढे विचारलं नाही. उलट मला एक तेजस्वी कल्पना सुचली. कोपरापर्यंत येणारे निळे रबरी हातमोजे! मोजे घालून हळद लावायची, अंगावर जुनं लुगडं गुंडाळायचं, घरी जाऊन ते काढून टाकायचं. हळदही लागली, हातही कोरे. मी टाळी वाजवली. वाजवणारा मी एकटाच होतो.

हळदीच्या दिवशी मी जातीने शिरपूरला गेलो. सोबत मोज्यांची अख्खी पेटी. मांडवात पाहुण्यांनी मला औषधाचा एजंट समजून रक्तदाब तपासता का म्हणून विचारलं. पल्लवी पाटावर बसली होती, पुढे हळदीची परात. सुनंदाबाई निळे मोजे घालून आल्या तेव्हा बँडवाल्याचा सूरही क्षणभर चुकला.

“पोरीले काही झालं काय वं?” कोणीतरी कुजबुजलं. “कोरोनात घालत होते तसं घातलं तिनं.”

मी उठलो आणि सभेला समजावून सांगू लागलो. काचेची तार, सरी, गोंद, जांभळा दिवा. उजेड कसा धावतो इथपर्यंत आलो होतो, तेवढ्यात नवरीची आत्या, नऊवारीतली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, माझ्याजवळ आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “तुमी लय शायनं काम केलं भाऊ. मी तं दोन महिन्यापासून पोरीले समजावून राह्यली. ऐकत नोती. आता पोरीची हौस बी होते, अन् रांडमुंड बाईचा हात बी नाई लागत.”

इतके दिवस सगळे मला सांगत होते, आणि मला आत्ता ऐकू आलं.

पल्लवीनेही ऐकलं. तिने मावशीचे मोजे घातलेले हात पाहिले आणि चेहरा बाजूला फिरवला. “मावशे, ते काढ. नाई तं मले हळदच नाई लावाची.”

सुनंदाबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या मागे मला आमचं टेबल दिसत होतं, टेबलावरच्या बायका दिसत होत्या, बेंगळुरूचा माणूस दिसत होता. महिनाभर मी या दोन हातांवर भाषणं केली होती.

“काढा,” मी म्हणालो.

मोजे काढताना फट्ट असा आवाज झाला. मग त्या बाईने दोन्ही हात मनगटापर्यंत परातीत बुडवले आणि पल्लवीच्या कपाळापासून पायापर्यंत अशी हळद लावली, की पोरगी हसत हसत ओरडायला लागली. आत्याबाई तोंड फिरवून मांडवाबाहेर गेल्या. लगेच दोन बायका त्यांच्यामागे गेल्या, आणि चार बायका परातीकडे धावल्या.

इथपर्यंत सगळं गंभीर होतं. पुढचं ऐका. हळद उधळायला सुरुवात झाल्याबरोबर माझ्या लक्षात आलं, की सुनंदाबाई तर उद्या बाद. डोळेवाली फणी पूर्वी, चष्मा लागण्याआधी, केलेला या जिल्ह्यात दुसरा एकच माणूस आहे, आणि तो आत्ता हळदीच्या मांडवात पांढरा शर्ट घालून उभा आहे!

“भाऊले लावा! कारखान्याच्या भाऊले लावा!”

मी पळालो. पन्नाशीचा माणूस, दोन्ही हात वर केलेले, मांडवाला वळसे घालतोय आणि मागे पिवळ्या हातांच्या बायका. पळता पळता मी पेटीतले मोजे स्वतःच्या हातात चढवले. “नियम आहे! नियम आहे!” असं मी ओरडत होतो, आणि त्याने त्यांना जास्तच चेव येत होता. शेवटी आचाऱ्याच्या टेम्पोत चढून आतून दार लावून घेतलं आणि बटाट्यांच्या पोत्यांवर बसून राहिलो. सुनंदाबाईंचा आवाज बाहेरून ऐकू येत होता, “सोडा त्याले बायांनो, उद्या त्याच्याच हातानं काम हाय!” आणि मग, जरा खालच्या आवाजात, “देवा, वाचव आमाले.”

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. लिंबू, बेसन, रॉकेल, जे सापडलं त्याने हात घासलेले, कातडी लाल झालेली. दारावर मी बॅटरी मारली. दोन्ही पंजे दिवाळीच्या आकाशकंदिलासारखे उजळले. माझ्यामागे तपासनीस उभे होते. मूळचे सोलापूरचे, बारीक, टापटीप. त्यांच्या शब्दसंग्रहात एकच शब्द असावा, अशी माझी समजूत झाली होती.

“यांना आत प्रवेश नाही,” मी जाहीर केलं.

“हं,” ते म्हणाले.

“हे काम याच करतात. आज मी करीन.”

“हं.”

सुनंदाबाई काचेच्या भिंतीबाहेर उभ्या राहिल्या. भिंगातलं चित्र ज्या पडद्यावर उमटतं, तो मी काचेकडे वळवला. माझा फोन टेबलावर, त्यांचा कानाशी, माझ्या फोनचा आवाज मोठा केलेला. मी खुर्चीवर बसलो आणि चष्मा वरखाली करून पाहिला. वरून पाहिलं तर तार दिसेना, खालून पाहिलं तर माझंच बोट दिसेना.

“भाऊ, तुमी चष्मा नाकावर ठेवा न, कपाळावर काहून ठेवून राह्यले?”

पहिल्या तारा बऱ्या बसल्या. सरीत निजल्या, डोळे सरळ झाले. तपासनीस दोनदा हं म्हणाले. मला चेव आला. पाचव्या तारेने मात्र हट्ट धरला. मी घुंडी फिरवायचो, चेहरा सरळ व्हायचा, सोडली की पुन्हा मान वाकडी.

“अजून फिरवा. अजून. आता सोडा. अवो, सोडा म्हटलं न!”

सोडली. वाकडी.

“तुमी सोडून नाई राह्यले, तुमी धरून राह्यले! बोट उचला!”

“उचललं!”

“मले दिसते पडद्यावर! खोटं काहून बोलता?”

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. मालकांचा ड्रायव्हर काचेपाशी येऊन घड्याळ दाखवून गेला. शिरपूरला नवरदेवाची वरात निघाली असणार. सुनंदाबाईंच्या बोलण्यातलं ‘तुमी’ पाचव्या तारेला गळालं. सहाव्या तारेला ‘भाऊ’ गळालं. सातव्या तारेला त्या मला म्हणाल्या, “अरे बापा, लहान लेकराचं तोंड धरतो तसं धर! भेंडी तोडून राह्यला काय तू?” मी तसं धरलं, जरा जास्त फिरवलं, डोळे मिटून सोडलं. चेहरा डुलला, डुलला आणि सरळ झाला. आठव्या तारेने फार त्रास दिला नाही. तिला माझी दया आली असावी.

झाकण दाबलं. गोंदाचा थेंब सोडला, तो सऱ्यांतून पाणी भरावं तसा भरभर पसरला. दिवा लावला. तपासनीसांनी फणी यंत्राखाली धरली आणि एकेका चेहऱ्याचा कल मोजू लागले. आठवा मोजून झाल्यावर त्यांनी फणी खाली ठेवली, रुमालाने चष्मा पुसला.

पुढचं आधीच सांगून टाकतो. काम मेडशीत राहिलं, आजही सुरू आहे, आणि ती पाटीही दारावर आहे. हळदीच्या दुसऱ्या दिवशी पगारी सुट्टी द्यायची, एवढा बदल मी मालकांच्या मागे लागून करून घेतला. फाटकावर नवी सूचना लावली आहे, तिच्यावर यंदा मंडप डेकोरेशनवाल्याने चिकटवलं. सुनंदाबाईंना तपासनीसांनी स्वतःच्या गाडीतून शिरपूरला सोडलं. तोवर चार मंगलाष्टकं होऊन गेली होती, शेवटची मिळाली. ती चार मिळाली असती, जर मी पाचव्या तारेवर बोट धरून ठेवलं नसतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं, आणि ते वाटत राहावं याची त्या काळजी घेतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी तपासनीस साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे पाहिलं, काचेबाहेरच्या पिवळ्या हातांच्या बाईकडे पाहिलं, आणि त्या दिवसातलं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य उच्चारलं: “तुमच्याकडे रोज असंच काम चालतं का?”

मी घसा साफ केला. एक सुंदर, मुद्देसूद उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण टेबलावरचा फोन अजून चालूच होता, आणि त्यातून खोलीभर आवाज घुमला:

“सायेब, पास करा नाई तं नापास करा, पण लवकर करा! तिकडे माह्या पोरीचं लगन लागून राह्यलं, अन् इकडे हा माणूस आठ तारा सरळ करता करता म्हातारा होऊन राह्यला!”